सीपीयू १०० टक्के दाखवत होता म्हणून हेल्पलाईनला फोन केला आणि ५,९९९ रुपये गेले

मंडळी, जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा, आणि घरात आई-वडील कॉम्प्युटर वापरत असतील तर त्यांनाही वाचून दाखवा.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, घरूनच अकाउंट्सची कामं करतो, उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यांचे जीएसटी रिटर्न भरतो. मागच्या महिन्याची १९ तारीख, दुसऱ्या दिवशी थ्री-बी ची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची मुदत संपणार, आणि सकाळपासनं कॉम्प्युटर असा तापलेला की फॅनचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत. एक्सेलमध्ये एक आकडा टाकला की गोल फिरत बसायचं. टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला तर सीपीयू म्हणजे प्रोसेसरचा वापर ९८, ९९, १०० टक्के. चार जणांचे रिटर्न बाकी होते, त्या गडबडीत मी सर्च केलं आणि सगळ्यात वर जो टोल फ्री नंबर दिसला त्याला फोन लावला. ती जाहिरात होती, बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, मी बघितलंच नाही.

पलीकडचा माणूस हिंदीत, लय अदबीनं बोलणारा. स्वतःला मायक्रोसॉफ्टचा इंजिनिअर म्हणाला. एक रिमोटचं अॅप घ्यायला लावलं, त्यातला नऊ आकडी नंबर विचारला आणि माझा माउस माझ्यासमोर आपोआप फिरायला लागला.

पुढं त्यानं जे दाखवलं ते नीट सांगतो, कारण तुम्हालाही हेच दाखवणार. पहिल्यांदा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, म्हणजे विंडोजची नोंदवही. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, शेकड्यानं. "सर, ये सब इन्फेक्शन है." माझ्या पोटात गोळाच आला. नंतर कळलं की कुठलाही चांगला चालणारा कॉम्प्युटर उघडा, तिथं अशा नोंदी असतातच, एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा चालू झाली तरी नोंद पडते. मग कमांड टाईप करायची काळी खिडकी उघडून नेटस्टॅट टाईप केलं, ही कमांड कॉम्प्युटरच्या चालू इंटरनेट जोडण्या दाखवते, रांगच्या रांग आली, वरती लिहिलेलं फॉरेन अॅड्रेस. म्हणाला बाहेरच्या देशातनं हॅकर बसलेत. अहो, फॉरेन अॅड्रेस म्हणजे जोडणीचं पलीकडचं टोक, ते मुंबईत असलं तरी तिथं तसंच लिहिलेलं असतं! त्यातली एक जोडणी तर त्याच्याच रिमोट अॅपची असणार.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यानं मी पुरता फसलो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये गेला, सिस्टिम आयडल प्रोसेस या ओळीवर माउस ठेवला, पुढं आकडा ९४. म्हणाला बघा, हा व्हायरस तुमचा ९४ टक्के प्रोसेसर खातोय. आयडल म्हणजे रिकामा. प्रोसेसर ९४ टक्के मोकळा बसलाय एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तोवर माझा कॉम्प्युटर आपोआप ठीक झाला होता, फॅनचा आवाजही बंद झाला होता, पण भीतीनं माझं तिकडं लक्षच नाही.

तीन वर्षांच्या सिक्युरिटी प्लॅनचे ५,९९९. स्क्रीनवर क्यूआर आला, मी मोबाईलनं स्कॅन करून भरले. मग स्क्रीन काळी केली, म्हणाला स्कॅनिंग चालू आहे, हात लावू नका. दहाएक मिनिटांनी म्हणाला आता नेटबँकिंग उघडा, बँक सेफ आहे का तपासू. तेवढ्यात बायको आली, तिनं माझा मोबाईल बघितला आणि एवढंच विचारलं, "कंपनी म्हणताय, मग पैसे ह्या माणसाच्या नावावर कसे गेले?" खरंच एका माणसाचं नाव होतं. मी काही बोलायच्या आत तिनं राउटरची पिन उपसली. तिच्यामुळं खातं वाचलं.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन केला. तिथं यूपीआयचा बारा आकडी व्यवहार नंबर, रक्कम, वेळ विचारतात, ते हाताशी ठेवा आणि जेवढा लवकर फोन कराल तेवढी पैसे पुढं जायच्या आत अडवले जायची शक्यता जास्त. तक्रार नंबर मिळाला, बँकेतही लेखी दिलं. पैसे अजून आलेले नाहीत.

पण पैशांपेक्षा मला लागलं ते वेगळंच. माझ्या ब्राउझरमध्ये ११ क्लायंटचे जीएसटीचे पासवर्ड सेव्ह होते आणि ती दहा मिनिटं काळ्या स्क्रीनमागं त्यानं काय केलं मला माहीत नाही. त्याच दिवशी बायकोच्या मोबाईलवरनं एकेकाचा पासवर्ड बदलला, आणि प्रत्येकाला समोर जाऊन सांगितलं. एक वयस्कर काका लेथवर काम करत होते, मशीन बंद करून हात पुसले, सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. मला तिथं मान वर करवेना.

नंतर मित्रानं येऊन विंडोज पूर्ण नव्यानं टाकलं. मूळ दुखणं काय, तर आदल्या रात्री विंडोज अपडेट आलेलं. अपडेट बसताना ते बसवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर चालतो, जोडीला विंडोजचा अँटिव्हायरस, अँटिमालवेअर सर्व्हिस, स्कॅन करत असते, दोन्ही मिळून तासभर प्रोसेसर पिळून काढतात आणि मग आपोआप शांत होतात. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबायचं, प्रोसेसेस टॅबमध्ये सीपीयूच्या मथळ्यावर क्लिक करायचं, कोण खातंय ते सगळ्यात वर येतं. तेवढं बघितलं असतं तरी पुरे होतं. दुसरं म्हणजे कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या पात्यांत धुळीचा नमदा बसलेला, हवाच जात नव्हती. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग कमी करतो, मग साध्या कामालाही तो १०० टक्के दिसतो. ब्लोअरनं साफ केलं, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावली, ३०० रुपयांत काम झालं.

परवा मुद्दाम तेच शब्द टाकून परत सर्च केलं. जाहिरात तशीच वर, नंबर तोच, फक्त नाव बदललंय. मी रिपोर्ट केलीय, तुम्हाला दिसली तर तुम्हीपण करा.