लेकीची केमो चालू असताना घरात काय कामी आलं आणि काय नुसतं पडून राहिलं

लेक साडेचार वर्षांची, किडनीचा कॅन्सर, विल्म्स ट्यूमर. आधी चार आठवडे केमो, मग ऑपरेशन करून डावी किडनी काढली, स्टेज २ निघाली म्हणून परत २७ आठवड्यांची केमो, व्हिन्क्रिस्टिन आणि ॲक्टिनोमायसिन. ती आता संपत आलीये. उपचार मुंबईत, घर नाशिकला. मधल्या काळात येणारा प्रत्येकजण काहीतरी वस्तू घेऊन आला, आणि नवऱ्याला रात्री झोप लागली नाही की तो ऑनलाईन ऑर्डर टाकायचा, त्यामुळे घरात छोटं सर्जिकलचं दुकान झालंय. त्यातलं खरंच काय वापरलं गेलं ते लिहितेय. डोस आणि औषधं तुमचे डॉक्टर सांगतील तीच, मी फक्त घरातलं बोलतेय.

एक नंबर थर्मामीटर. पण कुठला? आमच्याकडे पहिला आला तो कपाळासमोर धरायचा गनवाला, दिसायला भारी. एकाच कपाळावर दोन मिनिटांत ९७.८ पण दाखवणार आणि ९९.९ पण. पंखा चालू असला, कपाळाला घाम असला की त्याचं काही खरं नाही. आणि आमचा सगळा खेळ एका आकड्यावर, १००.४ फॅरनहाइट. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना ताप तिथे गेला की थेट हॉस्पिटल, आधी पॅरासिटामॉल पाजून वाट बघायची नाही, कारण ताप उतरलेला दिसतो आणि आत इन्फेक्शन वाढत असतं, काही तासांत पोर गंभीर होऊ शकतं. शेवटी मेडिकलमधला साधा, काखेत धरायचा, पीं पीं वाजणारा डिजिटल घेतला, एक घरात आणि एक कायम भरून ठेवलेल्या पिशवीत. दोन्ही सेम रीडिंग देतात हे घेतल्या दिवशीच बघून ठेवलं. काखेतच लावायचा, शौचाच्या जागी अजिबात नाही, केमोत तिथे जखम झाली तर इन्फेक्शन आत जातं, एनिमा आणि सपोझिटरीला (शौचाच्या जागी ठेवायची औषधाची गोळी) पण त्याच कारणाने बंदी. फोनवर डॉक्टर पहिलं विचारतात ताप किती, कधीपासून आणि शेवटची केमो कधी झाली. म्हणून थर्मामीटरसोबत एक साधी वही. वहीला पाचपैकी पाच, ॲप डाउनलोड केलं होतं ते कोणी उघडलं पण नाही.

दुसरी वस्तू बीपी मशीन, आणि हे फार कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. या आजारात लहान मुलांचं पण बीपी वाढतं, आमच्या पोरीला ऑपरेशनच्या आधीपासून बीपीची गोळी होती. घरात सासऱ्यांचं मशीन होतंच, पण त्याचा पट्टा मोठ्या माणसाचा. मोठा पट्टा बारीक हाताला लावला की बीपी खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणजे आपण खूश आणि पोराचं बीपी वर. लहान मुलांचा पट्टा वेगळा मिळतो, सगळ्या मशीनना बसत नाही, दुकानात लावून बघूनच घ्या. रडत असताना मोजू नका, पिक लाइनच्या (केमोसाठी दंडातल्या शिरेतून आत घालून ठेवलेली बारीक नळी) हाताला तर कधीच नाही. आमच्याकडे मांडीवर बसवून मोबाईलवर कार्टून लावलं की पाच मिनिटांनी मोजायचं असं ठरलंय, आणि ती स्वतःच हात पुढे करते, 'फुगव' म्हणते.

पिक लाइनचं शॉवर कव्हर, सिलिकॉनचं, महागातलं. इतकं घट्ट की हातावर वळ उठायचे. काढून टाकलं. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म दोन वेढे, वर-खाली टेप, आणि हात टबाच्या बाहेर ठेवून अंघोळ, झालं काम. ड्रेसिंग आठवड्यातून एकदा, सिस्टरांनी मला शिकवून, समोर करून दाखवायला लावून मगच परवानगी दिली. रविवारी दुपारी पंखा बंद, खिडकी बंद, दोघी मास्कमध्ये आणि तिची बाहुली पण मास्कमध्ये. जुनी पारदर्शक पट्टी हाताच्या खालून वर, लाइन आत जाते त्या दिशेने सोलायची, उलटं ओढलं तर लाइनच बाहेर येईल. मग बाहेर किती सेंटीमीटर दिसतेय ते बघायचं, ते पण वहीत. क्लोरहेक्सिडिन, म्हणजे जंतुनाशक, लावलं की आपोआप वाळू द्यायचं. आजीला राहवत नाही, पोरगी 'गार लागतं' म्हणाली की फुंकर मारायला पुढे येते, म्हणून आजीला पण मास्क आणि दोन हात लांब खुर्ची. फ्लशला, म्हणजे लाइन आतून धुवायला, सिरिंज १० एमएलचीच, लहान सिरिंजचं प्रेशर जास्त असतं, लाइन फुटू शकते. थोडं ढकल, थांब, थोडं ढकल, थांब, आणि क्लॅम्प बंद. लाइन चुकून कापली जाऊ नये म्हणून घरातली शिवणाची कात्री त्या दिवसांपासून वरच्या कपाटात.

व्हिन्क्रिस्टिनचा त्रास बाकी कशापेक्षा जास्त रोजच्या जगण्यात दिसला. पोट साफ होत नाही, जबडा दुखतो, आणि पाय. जिना उतरताना भिंत धरायला लागली, पाऊल टाच न टेकता पट्कन आपटायची. सांगितल्यावर फिजिओथेरपी आणि रात्री पायाला लावायचे स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारे साचे, मिळाले. सुरुवातीला रात्रभर ओरडली, मोज्यांवरून लावायला लागल्यावर शांत झाली. वस्तू चांगली, पण उन्हाळ्यात नाशिकमध्ये रात्रभर लावून ठेवणं म्हणजे घामाने पोरीचे हाल, तेव्हा मध्ये काढून पाय पुसून परत लावायचो. पोटासाठी लॅक्टुलोज, रोज, त्रास व्हायच्या आधीपासूनच, असं आम्हाला सांगितलं होतं आणि तेच बरोबर निघालं.

खाण्याच्या वस्तूंमध्ये सगळ्यात उपयोगी छोटा कुकर, तिचं वेगळं आणि ताजं करायला. मऊ खिचडी, भाताची पेज, रव्याची खीर, जबडा दुखत असला की भाकरी कुस्करून दुधात पण नको म्हणायची. कच्चं नाही, बाहेरचं नाही, पाणी उकळून, फळ जाड साल सोलून खायचं असेल तेच, केळं, संत्रं. आता नाशिककरांना द्राक्षं नको म्हणून सांगणं म्हणजे काय असतं ते नाशिककरच जाणे, सीझनमध्ये मामा पेट्या घेऊन दारात. द्राक्षं आम्हीच खाल्ली, तिला मी सोलून देईन म्हणणारी मावशी पण निघाली. गोमूत्र, पपईच्या पानाचा रस आणि कुठली कुठली पावडर पण आली, ती सरळ परत. एकच किडनी उरलीये, त्यात काय आहे हे माहीत नसलेली पावडर कोण पाजणार.

एअर प्युरिफायर, जंतू मारायचा यूव्हीचा डबा, दोन्ही पडून. दाराबाहेर चपला आणि आत साबण, सर्दीवाल्याला बाहेरूनच टाटा, यापुढे त्यांचं काही चाललं नाही. गणपतीत लोकांना वाईट वाटलं, वाटू दे. शेजारच्या घरात कांजिण्या निघाल्या तेव्हा मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, अंगावर पुरळ यायची वाट बघायची नसते. आणि धाकटा भाऊ असेल तर पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर न्यायच्या आधी विचारा, तोंडातले थेंब जिवंत लसीचे असतात, त्यातला विषाणू भावाकडून पेशंटपर्यंत पोचू शकतो, आमच्या धाकट्याला इंजेक्शनवाली लस दिली.

ग्लोव्ह्जचा मोठा बॉक्स घ्याच. केमोनंतर ४८ तास शी-शू, उलटी साफ करताना ग्लोव्ह्ज, चादरी वेगळ्या धुवायच्या. त्या बॉक्ससाठी नवऱ्याची ऑनलाईन खरेदी माफ. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म पण हॉस्पिटलमधून भरून घ्या, स्लीपर आणि थ्री एसीत कॅन्सर पेशंटला १०० टक्के, सोबतच्याला ७५ टक्के, पहिले काही महिने आम्ही उगाच पूर्ण भाडं देत होतो कारण खिडकीवर कोणीच सांगितलं नाही.

शेवटच्या केमोनंतर पिक लाइन निघेल, दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि छातीचा एक्सरे आहे. थर्मामीटर राहणार, बीपी मशीन पण राहणार, एका किडनीवर ते बघत राहायला सांगितलंय. औषधांच्या डब्यातून कॉम्बिफ्लाम आणि ब्रुफेन काढून टाकलंय, किडनीला नको म्हणून, आणि शाळेच्या फॉर्मवर पण लाल पेनाने लिहिणार आहे, कारण ताप आला की शाळेत काय देतील याचा भरवसा नाही. स्प्लिंट साडेचार-पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचे आहेत, कोणाला हवे असतील तर फिजिओला दाखवून मगच घ्या, दुसऱ्याच्या मापाचे तसेच लावू नका.