उत्तर झाकून ठेवायचं तर बीमरच

नाशिकमध्ये मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. गणितज्ञ द. रा. कापरेकर आपल्या देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे त्यांचा ६१७४ हा आकडा शिकवायला मला फार आवडतं. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी तिथेच येते. पण स्लाइडवर उत्तर आधीच दिसलं की पोरं वही उघडत नाहीत. म्हणून उत्तराचा ब्लॉक झाकता यायला हवा, आणि ते काम लेटेकमधलं (आज्ञा लिहून मजकूर मांडायच्या सॉफ्टवेअरमधलं) स्लाइड बनवायचं बीमर चोख करतं.

ब्लॉक सुरू करताना कोनी कंसात ३ आणि डॅश लिहायचा, की तो स्लाइडच्या तिसऱ्या पायरीला, म्हणजे दुसऱ्या क्लिकला उघडतो. तोवर त्याची जागा रिकामी राखलेली असते. हे फार मोलाचं आहे. त्याऐवजी ‘ओन्ली’ ही आज्ञा वापरली तर जागाच धरली जात नाही. मजकूर उभ्या मध्यावर बसत असल्याने ब्लॉक आला की वरच्या ओळी टुणकन सरकतात आणि उतरवून घेणारी मुलं हरवतात. फ्रेमला (म्हणजे स्लाइडला) ‘टी’ हा पर्याय दिला तर मजकूर वर चिकटून राहतो, पण मी सरळ ‘अनकव्हर’ची, म्हणजे जागा राखणारी वरचीच पद्धत वापरते.

झाकलेलं फिकट दाखवायची ‘ट्रान्स्परंट’ सोय मात्र उत्तरांसाठी नको. मूळ सेटिंग १५ टक्क्यांचं आहे, पहिल्या बाकावरून आकडा वाचता येतो. मुद्द्यांची यादी असेल तर चालेल.

उणिवा आहेत. माउसने ओढून काही होत नाही, सगळं लिहावं लागतं. मराठी मजकुरासाठी झीलेटेक किंवा लुआलेटेक (लेटेकचेच प्रकार) आणि देवनागरी फॉन्ट लागतो; नवख्याला इथेच घाम फुटतो. पण सगळं फुकट आहे, आणि तयार पीडीएफ वर्गातल्या जुन्या कॉम्प्युटरवरही नेटशिवाय उघडते.

एक काळजी घ्या: प्रत्येक क्लिकचं पीडीएफमध्ये वेगळं पान होतं. तीच फाइल आधी ग्रुपवर टाकली तर मुलं अंगठ्याने सरकवून उत्तर बघतात. त्यांच्यासाठी ‘हँडआउट’ पर्याय लावून वेगळी प्रत काढा. नुसतं तेवढं केलं तर क्लिकची पानं एकत्र होतात, पण उत्तर छापलं जातं. त्याच कोनी कंसात ‘हँडआउट’पुढे शून्य लिहिलं की ब्लॉकच्या जागी कोरी जागा येते, आणि मुलं तिथेच वजाबाकी करतात.