हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, २००९ पासिंग: सेकंड हँड घेऊन ११ महिने, १२,४०० किलोमीटर

गाडी घेतली तेव्हाच ठरवलं होतं की निदान एक पावसाळा काढल्याशिवाय काही लिहायचं नाही, कारण जुनी गाडी पहिला महिना सगळ्यांनाच गोड लागते. फेब्रुवारी २०२५ ला घेतली, आता ११ महिने झाले. काळी, जांभळे पट्टे, किक स्टार्ट, स्पोकची चाकं, दोन्हीकडे ड्रम ब्रेक, ९७.२ सीसी. व्यवहार २४,५०० ला झाला. गावातले सगळे म्हणाले महाग पडली. त्याबद्दलच जास्त लिहायचंय, गाडी कशी चालते ते तर स्प्लेंडर म्हणलं की अर्धं कळतंच.

मी तासगावला बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशोबाला आहे, घर ते काम जाऊन येऊन ४४ किलोमीटर, सीझनला रात्री अकरा पण वाजतात तेव्हा एसटीचा भरवसा नाही. नवीन गाडी ऑनरोड लाखाच्या घरात जात होती आणि घरात बहिणीचं लग्न, म्हणून जुनीच बघायची ठरलं. सांगली, मिरज, तासगाव असे तीन आठवडे ऑटो कन्सल्टंट, म्हणजे जुन्या गाड्या घेऊन विकणारे, पालथे घातले. एक गोष्ट बघितली, रांगेत लावलेल्या सगळ्या गाड्या एकसारख्या चकचकीत. टाकी रंगवलेली, सीट कव्हर नवं, हँडलग्रिप नवीन, मीटर ३०-३५ हजारावर, पण ब्रेकच्या पेडलचा रबर झिजून खालचं लोखंड दिसतंय आणि किल्लीचं भोक इतकं सैल की किल्ली लावली तरी हलते. ३० हजार पळालेल्या गाडीचं पेडल असं होत नाही. मीटर खोटं बोलू शकतं, पाय जिथं घासतो तो रबर खोटं बोलत नाही, हे माझ्या मिस्त्रींनी शिकवलं. ते पण एक सांगतो, गाडी बघायला जाताना आधी फोन करा की चालू करून ठेवू नका. इंजिन हात लावल्यावर थंड पाहिजे, मग हाफ चोकवर स्वतः किक मारायची आणि सायलेन्सरच्या मागे उभं राहायचं. निळसर धूर आला तर ऑईल जळतंय, बोअर-पिस्टनचं काम अंगावर येणार.

तर ही गाडी कन्सल्टंटकडे मिळाली नाही. जत तालुक्यात नोकरी करून रिटायर झालेले एक झेडपीचे गुरुजी, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, किक मारायची डॉक्टरांनी बंद केली, आणि ह्या मॉडेलला सेल्फ नाही. तेवढ्याच कारणाने गाडी विकायची. २००९ साली त्यांनी ४४ हजार रोख मोजून घेतलेली. कन्सल्टंटने त्यांना १७ हजार सांगितले होते, गुरुजींना त्याचा फार राग आलेला, मी गेलो तेव्हा पहिलं वाक्य तेच, "सतरा हजारात घेऊन काय करणार होता तो, रंगवणार होता."

आता कन्सल्टंटची बाजू पण सांगतो, त्याचं गणित चूक नाही. १७ ला घ्यायची, रंग-पॉलिश-सीट कव्हरला दोनेक हजार, नावावर करायचा खर्च, दोन महिने जागा अडणार, मग २६-२७ ला विकायची. त्याच्या वहीत गाडी म्हणजे वर्ष, मॉडेल आणि वरून कशी दिसते एवढंच. इन्शुरन्सच्या वहीत अजून वाईट, तिथं सहा महिन्याच्या आत ५ टक्के उतरतात, वर्षाला १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४०, पाच वर्षाला निम्मी किंमत, आणि पाच वर्षाच्या पुढं तर ठरलेला तक्ताच नाही, दोघांनी मिळून काय ठरेल ते. गुरुजींच्या गाडीला नुसता थर्ड पार्टी होता, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता, ७१४ रुपये आणि वर टॅक्स. म्हणजे कागदावर या गाडीला किंमतच नव्हती म्हणा.

गुरुजी २८ वर बसलेले. मी विचारलं कसले २८. त्यांनी शंभर पानी वही आणली. एक नाही, तीन. २००९ पासून प्रत्येक वेळी टाकलेलं पेट्रोल, तारीख, मीटर, लिटर, ॲव्हरेज, ऑईल कधी बदललं, चेन कधी टाकली, क्लच प्लेट कधी, टायर कुठल्या साली. मीटरवर ४१ हजार दिसत होते आणि मी खूश झालो तर तेच म्हणाले, "एकदा फिरलाय तो. एक लाख एक्केचाळीस धर." या मीटरला किलोमीटरचे पाचच आकडे, ९९,९९९ नंतर परत शून्यापासून. कुणी हे स्वतःहून सांगतं का? ती ओळ त्यांनी बोलायची गरज नव्हती, माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं. त्या एका वाक्याला मी मनात तीन हजार वाढवले.

इंजिन एकदाच खोललेलं, २०१७ ला, हेडचं काम आणि टायमिंग चेन. टाकी मूळ रंगाची, उजव्या बाजूला गुडघा घासून जांभळा पट्टा पुसलेला. पासिंगची १५ वर्षं २०२४ ला संपली तेव्हा त्यांनी रिन्यूअल करून घेतलेलं, हजार रुपये फी, दोन हजार पर्यावरण कर, झालं पाच वर्षाचं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे नक्की बघा, कारण पासिंग संपलेली गाडी चार-पाच हजार स्वस्त दिसते आणि मग ते चार-पाच हजार एजंट, दंड आणि हेलपाट्यात जातात. नवीन नंबर प्लेट, ती एचएसआरपी, राहिली होती, ४५० आणि जीएसटी असे ५३१ मी नंतर भरले.

घासाघीस दोन तास चालली, काकूंनी दोनदा चहा केला. २५ ला आलं. मग मी म्हणलं दुसरी किल्ली द्या. गुरुजी आत गेले, बराच वेळ लागला, बाहेर येऊन म्हणाले सापडत नाही. डुप्लिकेट किल्ली नसली की पुढं विकताना पैसे कापतात, चोरीचा क्लेम असला की इन्शुरन्सवाले पण दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून मी ५०० कापले. २४,५००. काही बोलले नाहीत, मान हलवली.

एका गोष्टीवर मात्र अडून बसले, नावावर झाल्याशिवाय गाडी दारातून हलणार नाही. टीटी फॉर्म म्हणजे गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे, चेसिस नंबरचा पेन्सिलने उठवलेला ठसा, आधार, पीयूसी, सगळं त्यांनी स्वतः लावलं. मला तेव्हा कंटाळा आला होता, आता पटतं. लोक विश्वासावर गाडी देतात, घेणारा नावावर करत नाही, आणि अपघात झाला की आरसीवर ज्याचं नाव त्याच्या दारात नोटीस. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली तेच सांगितलंय, आरटीओच्या दप्तरात मालक म्हणून ज्याचं नाव तोच जबाबदार. त्यांच्या एका सहकाऱ्याने हे भोगलेलं. त्यामुळे विकणाऱ्यांनो, माया असो नसो, नावावर करून द्या आणि इन्शुरन्स पण १४ दिवसात बदलून घ्यायला लावा.

आता गाडी कशी चालली ते. ॲव्हरेज ६२ पडतं, गुरुजींच्या वहीत २०१५-१६ ला ६७-६८ आहे. थोडं गाडीचं वय, थोडं माझं वजन, आणि पेट्रोल आता ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, इथेनॉलमध्ये ताकद कमी असते त्यामुळे थोडा फरक पडणारच. कार्बोरेटरच्या गाडीला त्याचा दुसरा त्रास जाणवला, जूनमध्ये आठ दिवस गाडी उभी राहिली तर सकाळी दहा-बारा किका. मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलची नळी कडक झाली होती ती बदलली, २५० रुपये. तेव्हापासून जास्त दिवस उभी राहणार असली तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करतो, त्रास नाही. चेन किट १,४००, बॅटरी ९५०, क्लच प्लेट मजुरीसकट १,१५०, मागचा टायर १,७५०, ऑईल चार वेळा प्रत्येकी ४००. सगळं धरून ७,१०० रुपये. पेट्रोल साधारण २०,८०० चं. किलोमीटरला सव्वादोन रुपये पडले. हेडलाईट कमजोर आहे, रात्री उसाचा ट्रॅक्टर समोरून आला की अंदाजानेच चालवावं लागतं, हा खरा दोष, आणि ६० च्या वर हँडलला थरथर येते. बाकी पावसात एकदाही वाटेत बंद पडली नाही.

माझ्याच ऑफिसातल्या मित्राने त्याच महिन्यात रंगवलेली स्प्लेंडर २१ हजाराला घेतली. माझ्यापेक्षा साडेतीन हजाराने स्वस्त. जूनमध्ये इंजिन उतरलं, साडेसहा हजार. त्याला वाईट वाटावं म्हणून नाही लिहिलं, तो माणूस रोज कामाला जाणार, त्याला कुणीतरी आधीच्या मालकाची वही दाखवली असती तर बरं झालं असतं.

माया आणि भाव यांचा संबंध सगळीकडे सारखा नसतो हेही सांगायला पाहिजे. माझ्या मामाने यामाहाची आरएक्स १०० विकली २००४ ला, ९ हजारात, मुलीच्या शाळेची फी होती. ती गाडी १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली, ९८ सीसी टू स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर, परत तशी निघणार नाही, म्हणून आज चांगल्या आरएक्सला लोक लाखाच्या वर बोलतात. मामा अजून लांबून तो फाटफाट आवाज आला की बोलता बोलता थांबतो. तिथं गाडी मिळत नाही म्हणून भाव वाढतो. स्प्लेंडरचं उलटं, ती सगळीकडे आहे, १९९४ पासून आहे, कुठल्याही खेड्यात पार्ट आणि मिस्त्री आहे, म्हणून भाव टिकतो. आणि एक टाकीवरच्या नावाचा भाव. २०११ ला हिरो आणि होंडा वेगळे झाल्यावर टाकीवरचं होंडा गेलं, पण बाजारात अजून "होंडावाली आहे का" असं विचारून हजार-दोन हजार जास्त देणारे भेटतात. माझ्या मते २०१० आणि २०१२ च्या गाडीत नावापेक्षा आधीच्या मालकाचा फरक जास्त असतो.

सप्टेंबरमध्ये २२ तारखेला ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला तेव्हा शेजारच्या पोराची २०२४ ची १२५ सीसी विकायला काढलेली, त्याला एकदम कमी भाव सांगायला लागले, कारण नवीनच स्वस्त झाली तर वर्षाची जुनी कोण घेणार. माझ्या गाडीला काही झालं नाही. २००९ ची बघणारा माणूस शोरूमची पायरी चढतच नाही.

आता किल्लीचं. ऑगस्टमध्ये गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावला गणपतीचा रथ निघतो, गुरुजी दरवर्षी येतात, त्यांचा फोन आला, गाडी घेऊन ये म्हणाले. गर्दीतून कशीबशी एका गल्लीत लावली. आधी त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, खाली वाकून चेन बोटाने उचलून बघितली, "ताण बरोबर आहे" म्हणाले, टाकीवरचा तो घासलेला पट्टा तसाच आहे हे बघितलं. मग सदऱ्याच्या खिशातून लाल दोऱ्यात ओवलेली किल्ली काढली.

"हरवली नव्हती. द्यायची झाली नाही."

मी पाकिटातून ५०० काढले, कारण ते कापले होते ते त्याच्यासाठीच. त्यांनी माझा हात तसाच मागे ढकलला. म्हणाले स्टँडवर सोड, गुडघ्याला चालवत नाही. पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले असतील ते या गाडीच्या, मागचं फूटरेस्ट उघडायला पण त्यांना शोधावं लागलं. रथाची गर्दी होती म्हणून पूर्ण वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गेलो, मागून एकदाच बोलले, दुसऱ्यात टाक, इंजिन ओढतंय.

गेल्या महिन्यात एका पोराने २७ देतो म्हणून सांगितलं, रोख. ११ महिने वापरून वर अडीच हजार मिळत होते. नाही म्हणलं. घरच्यांना वाटलं मी पण गुरुजींसारखाच झालो, तसंही असेल, पण २७ हजारात मला दुसरी गाडी मिळेल ती कुणाची असेल, तिचा मीटर कितीदा फिरला असेल, हे मला कोण सांगणार. चौथी वही मी घातलीय, पेट्रोल टाकलं की लिहितो. पुढच्या शॉकअपचं डाव्या बाजूचं सील गळायला लागलंय, संक्रांतीच्या आत ते करून घ्यायचंय, सील आणि फोर्क ऑईल मिळून चारेकशे सांगितलेत.