जीन ते मेम्ब्रेन एका धाग्यात शिकवणारा कोर्स

जेनेटिक्स आणि सेल फिजिऑलॉजी एकत्र शिकवणारा हा व्हिडिओ कोर्स मी मेडिकलच्या पहिल्या वर्षी घेतला. आता पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी वाचताना तो पदोपदी उपयोगी पडतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे हे दोन विषय इथे वेगळे राहतच नाहीत. सिस्टिक फायब्रोसिसचंच घ्या, म्हणजे फुफ्फुसं आणि पचनमार्गात घट्ट चिकट स्राव साठवणारा आनुवंशिक आजार. पाठांतराच्या नोट्समध्ये काय असतं? सातवा क्रोमोझोम, ऑटोसोमल रिसेसिव्ह (आई आणि वडील दोघांकडून जीनची सदोष प्रत आली तरच होणारा), घामात क्लोराइड जास्त. झालं. इथे शिकवणाऱ्या मॅडम सीएफटीआर या, पेशीतला क्लोराइडचा चॅनल बनवणाऱ्या जीनमधले दोन कोडॉन (एकेका अमिनो आम्लाचे तीन अक्षरी संकेत) फळ्यावर लिहितात: एटीसी आणि टीटीटी. पहिल्यातला शेवटचा सी आणि दुसऱ्यातले दोन टी पुसतात. उरतं एटीटी. एटीसी काय नि एटीटी काय, दोन्ही आयसोल्युसिनचेच कोडॉन. म्हणजे 507 क्रमांकाचं अमिनो आम्ल जागच्या जागी राहिलं, 508 वं फिनाइलअॅलनिन तेवढं गळलं, आणि तीन बेस (डीएनएची अक्षरं) एकदम गेल्याने रीडिंग फ्रेम, म्हणजे तीन-तीन अक्षरं वाचण्याची चौकटही हलली नाही. मग 1480 पैकी एक अमिनो आम्ल गेलं तर एवढं काय बिघडलं? प्रोटीनची घडीच नीट बसत नाही. प्रोटीनची घडी तपासणारं एंडोप्लाझमिक रेटिक्युलम ते अडवून ठेवतं, खराब प्रोटीन मोडणारा प्रोटिआसोम त्याचे तुकडे करतो, आणि क्लोराइडचा चॅनल मेम्ब्रेनपर्यंत (पेशीच्या आवरणापर्यंत) पोचतच नाही. इथून पुढचा सगळा आजार मला पाठ करावा लागला नाही.

लगेच पुढचं लेक्चर कॉलऱ्याचं. तिथे हाच चॅनल भेटतो, पण नको तितका उघडलेला. कॉलऱ्याच्या जंतूच्या टॉक्सिनमुळे जीएस प्रोटीन हा पेशीतला स्विच चालूच राहतो, सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू वाढतो, सीएफटीआरमधून क्लोराइड आतड्यात जात राहतं आणि त्यामागून सोडियम नि पाणी. मग ओआरएसमध्ये ग्लुकोज कशाला? कारण एसजीएलटी1 हा ट्रान्सपोर्टर सोडियमला ग्लुकोजच्या जोडीने आत घेतो, आणि कॉलऱ्यात हा रस्ता शाबूत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये एका लिटरला 75 मिलिमोल सोडियम आणि तितकंच ग्लुकोज असतं. हा आकडा आधीही माहीत होता, त्यातलं ग्लुकोज तिथे काय करतं ते इथे समजलं.

रेस्टिंग मेम्ब्रेन पोटेन्शियलचं (विश्रांतीतल्या पेशीच्या आत-बाहेर असलेल्या विद्युत दाबाच्या फरकाचं) लेक्चर तर प्रत्येकाने बघावं असं आहे. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) बहुतेक जण ठोकून देतात की ते सोडियम-पोटॅशियम पंपामुळे तयार होतं. मॅडम आधी पंप बाजूलाच ठेवतात. पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला 140 मिलिमोल, बाहेर 4, आणि मेम्ब्रेन फक्त पोटॅशियमला जाऊ देणारा. नर्न्स्टच्या समीकरणात (आयनच्या आत-बाहेरच्या प्रमाणावरून व्होल्टेज काढणारं सूत्र) आकडे घालून उणे 94 मिलिव्होल्ट आपल्याकडूनच काढून घेतात. मग सोडियमची थोडीशी गळती धरली की न्यूरॉनचे (चेतापेशीचे) उणे 70 च्या आसपासचे आकडे कसे येतात ते दाखवतात. पंप येतो तो सगळ्यात शेवटी: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्यातून थेट मिळतात ते थोडेच मिलिव्होल्ट. त्याचं खरं काम ग्रेडियंट, म्हणजे आत-बाहेरच्या प्रमाणातला फरक टिकवून धरण्याचं. त्यामुळे न्यूरॉनमध्ये ओआबेन या औषधाने पंप बंद केला तरी पोटेन्शियल लगेच कोसळत नाही, ग्रेडियंट ओसरत जातात तसं ते हळूहळू उतरतं. चेतातंतूतले विद्युत प्रवाह मोजणाऱ्या हॉजकिन आणि हक्सली यांचे 1952 चे आलेखही याच ओघात येतात. बाहेरच्या सोडियमच्या जागी कोलिन (चॅनलमधून आत न जाणारा आयन) घातलं की सुरुवातीचा आत येणारा करंट नाहीसा होतो, हे आलेखावर बघितलं की वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही.

माइटोकॉन्ड्रियल इन्हेरिटन्स (माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा आईकडून येणारा वारसा) चांगलं आहे, हेटरोप्लाझमी (एकाच पेशीत चांगला आणि सदोष असा दोन्ही प्रकारचा माइटोकॉन्ड्रियल डीएनए असणं) तर फारच छान समजावली आहे. इम्प्रिंटिंग (जीन आईकडून आला की वडिलांकडून यावर त्याचं चालू-बंद असणं) मात्र उरकलंय. प्राडर-विली आणि अँजेलमन हे दोन सिंड्रोम एका तक्त्यात टाकून मोकळे झालेत. पंधराव्या क्रोमोझोमचा तोच भाग, वडिलांकडचा गेला तर एक आजार आणि आईकडचा गेला तर दुसरा, हे इतकं विलक्षण आहे की त्याला स्वतंत्र लेक्चर हवंच होतं.

माझी खरी तक्रार प्रश्नसंचाबद्दल आहे. एक प्रश्न असा: ऑटोसोमल रिसेसिव्ह आजार असलेल्या मुलाची मोठी बहीण निरोगी आहे, आईवडीलही निरोगी, तर ती कॅरिअर (स्वतः निरोगी, पण जीनची एक सदोष प्रत बाळगणारी) असण्याची शक्यता किती? उत्तर दिलंय एक द्वितीयांश. हे साफ चूक आहे. चार शक्यतांपैकी आजाराची एक तर बाद झालीच, कारण बहीण निरोगी असल्याचं आपल्याला माहीत आहे. उरल्या तीन, त्यातल्या दोन कॅरिअरच्या. उत्तर दोन तृतीयांश. जेनेटिक काउन्सेलिंगमध्ये याच आकड्यावर पुढचं सगळं गणित उभं राहतं, म्हणून ही चूक मला फार खटकली. कळवूनही ती अजून तशीच आहे. शिवाय बऱ्याच प्रश्नांना नुसतं उत्तर आहे, कारण नाही.

घ्यावा का? नक्की घ्या, पण वर्षाच्या सुरुवातीला. परीक्षा तोंडावर आली असेल तर इतक्या निवांत चालणाऱ्या लेक्चरना वेळ पुरणार नाही. मेम्ब्रेन पोटेन्शियल, सिस्टिक फायब्रोसिस आणि कॉलरा ही तिन्ही सलग बघा, वही-पेन घेऊन, आणि मॅडम थांबतात तिथे गणित स्वतः सोडवा. पेडिग्रीच्या (वंशावळीवरून आजाराची शक्यता काढण्याच्या) सरावासाठी मात्र दुसरा प्रश्नसंच जवळ ठेवा.