मसल सिग्नल किट शाळेतल्या मुलांसाठी घ्यावं का? माझा अनुभव

आठवी ते दहावीच्या मुलांसोबत बरेच दिवस वापरलं, आता लिहायला हरकत नाही. स्नायूंमधले विजेचे सिग्नल पकडून स्पीकरवर ऐकवणारी आणि मोबाईलवर त्याची लाट दाखवणारी छोटी पेटी असते ना, तिच्याबद्दल बोलतेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या टाइपची किट्स बरेच जण बनवतात आणि आतला मामला साधारण सारखाच, अँप्लिफायर, बॅटरी, तीन वायरी आणि चिकटवायचे इलेक्ट्रोड. दोन इलेक्ट्रोड हाताच्या स्नायूवर लावायचे, तिसरा कोपराजवळ हाड लागतं तिथे, की झालं.

खरी मजा आवाजात आहे. हात एकदम सैल सोडला की जवळजवळ शांत, मूठ अगदी हलकी आवळली की पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे सुटे सुटे टपटप आवाज आणि जोर वाढवत नेला की थेट मुसळधार. वर्गात शेवटच्या बाकावर बसून कधी तोंड न उघडणारी एक मुलगी हे ऐकून पटकन म्हणाली, "मॅडम, लाट मोठी झाली म्हणजे नसेतून येणारा सिग्नल मोठा झाला का?" मला तर वाटलं पैसे इथेच वसूल! कारण नेमका हाच प्रश्न १९२० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ एडगर एड्रियन यांनी सोडवला होता, एकेका चेतातंतूचे सिग्नल मोजून. एका तंतूतला प्रत्येक सिग्नल साधारण तेवढाच असतो, बदलतो तो वेग, म्हणजे सेकंदाला किती सिग्नल जातात ते. १९३२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना चार्ल्स शेरिंग्टन या दुसऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञासोबत मिळालं. मग आमच्या पेटीवर लाट का वाढते, तर जोर लावला की आणखी आणखी चेतापेशी कामाला लागतात आणि त्या भराभर सिग्नल सोडतात, स्नायूच्या सगळ्या तंतूंची मिळून बेरीज आपल्याला दिसते. हे फळ्यावर चेतापेशीची आकृती काढून कितीही समजावलं तरी इतकं पोचत नाही, आकृती नंतर काढा, मुलं स्वतःहून वही उघडतात.

आता जे आवडलं नाही ते. खोक्यावर "तुमचा मेंदू ऐका" असं छापलंय, ते बरोबर नाही. इथे ऐकू येतो तो स्नायू. मेंदूचे सिग्नल डोक्याच्या कातडीवर मायक्रोव्होल्टमध्ये मिळतात, स्नायूंचे त्याच्या कितीतरी पट, मिलिव्होल्टपर्यंत जातात, म्हणून तर एवढ्या साध्या पेटीत काम भागतं. मुलांना विज्ञानाची गोडी लावायची आणि पहिलंच वाक्य चुकीचं सांगायचं हे मला अजिबात पटत नाही. माहितीपुस्तिकासुद्धा तशीच, प्रयोगाआधीच सगळी उत्तरं देऊन मोकळी, मी ती मुलांच्या हातात देतच नाही.

इलेक्ट्रोडचा खर्च चालूच राहतो, घामट हातावर ते नीट चिकटत नाहीत आणि पाकीट उघडं राहिलं तर त्यातली जेल वाळते. आधी कातडी पुसून कोरडी करा. आणि पेटी मोबाईल किंवा लॅपटॉपला जोडलेली असताना त्याला चार्जर लावायचा नाही म्हणजे नाही, आधी सेफ्टी म्हणून, शिवाय घरातल्या विजेची सतत घुंऽऽ अशी घरघर येते ती पण कमी होते. छातीत पेसमेकर असेल त्यांच्यावर हा प्रयोग करू नका. एकाच्या हाताच्या सिग्नलने दुसऱ्याचा हात हलवायची किट्सपण मिळतात, त्यात दुसऱ्याला करंट देतात, ती मात्र मोठं माणूस शेजारी उभं असल्याशिवाय मुलांना देऊ नका.

बजेट नसेल तर साधी मोजपट्टी आहेच, हात किती पटकन हलतो ते मोजायला. एकाने पट्टी सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची, २० सेंटिमीटरवर पकडली तर साधारण ०.२ सेकंद लागले. मग डोळे मिटून, सोडणाऱ्याने "सोडली" म्हटल्यावर पकडून बघा, आवाजाला हात बहुतेक वेळा लवकर हलतो, आणि का म्हणून वर्गात भांडण सुरू होतं, होऊ द्या!

पाचपैकी चार. एक कापला तो खोक्यावरच्या वाक्यासाठी आणि पुस्तिकेसाठी. अख्ख्या वर्गाला एक पेटी पुरत नाही, चार-पाच मुलांमागे एक असेल तरच प्रत्येकाचा हात लागतो, आणि ऑर्डर करतानाच जास्तीचे इलेक्ट्रोड मागवा.