६४ जीबी लिहिलेला पेन ड्राइव्ह आणि बंद पडलेला कॉपिअर

कार्यालयांतील कॉपिअरच्या देखभालीची वार्षिक कंत्राटे घेऊन मी पुण्यात अनेक वर्षे व्यवसाय करीत आहे. गेल्या वर्षी कॉपिअरमध्ये फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारे आतले सॉफ्टवेअर, टाकण्यासाठी मी पाच पेन ड्राइव्ह विकत घेतले. वेष्टनावर नामांकित कंपनीचे नाव आणि ६४ जीबी ही क्षमता छापलेली होती, आणि भाव नेहमीच्या निम्म्याहूनही कमी होता. ‘जुना स्टॉक संपवायचा आहे’ असे दुकानदाराने सांगितले. जीएसटी वाचेल म्हणून मी पक्के बिल न मागता कच्ची पावती घेतली, याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

खरे तर या कामाला ६४ जीबी लागतच नाहीत. एका मॉडेलचे फर्मवेअर बहुधा काहीशे एमबीचे असते आणि बऱ्याच कॉपिअरना फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्हच वाचता येतो, तर ६४ जीबीचे ड्राइव्ह सहसा एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करूनच विकले जातात. तरीही सर्व ग्राहकांच्या मशीनची फर्मवेअर एकाच ड्राइव्हवर ठेवण्याच्या सोयीसाठी मी वेगळे सॉफ्टवेअर वापरून ते फॅट३२ करून घेतले.

पहिली दोन मशीन विनासायास अद्ययावत झाली. तिसरे मशीन एका पतसंस्थेतील होते. पडद्यावर फाइलचे नाव दिसले, आकारही बरोबर होता, काम सुरू झाले आणि एकेक भाग लिहिला जात असताना मध्येच थांबले. पुन्हा चालू केल्यावर पडदा कोराच राहिला. नवीन फाइल आधी पूर्ण तपासून मगच जुने फर्मवेअर पुसण्याची सोय या जुन्या मॉडेलमध्ये नव्हती. अखेर मेन बोर्ड बदलावा लागला आणि त्याचा खर्च मी स्वतः सोसला, कारण ड्राइव्ह माझा होता.

घरी आल्यावर मी एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने तो ड्राइव्ह तपासला. हा प्रोग्राम रिकामी जागा चाचणीच्या माहितीने पूर्ण भरतो आणि तीच माहिती परत वाचून ताडून पाहतो. सेकंदाला १० एमबीच्या वेगाने ६४ जीबी नुसते लिहायलाच पावणेदोन तासांहून अधिक वेळ लागतो, पण तेवढा वेळ मी खरेदीच्या दिवशी दिला असता तर ते मशीन वाचले असते. निकाल असा आला की आत जेमतेम ८ जीबीची चिप होती. ड्राइव्हमधील कंट्रोलर, म्हणजे चिप आणि संगणक यांच्यातील देवाणघेवाण सांभाळणारा भाग, खोटी क्षमता सांगेल अशी व्यवस्था करून ठेवलेली असते, त्यामुळे संगणकावर सुमारे ५९ जीबी दिसतात आणि क्विक फॉरमॅटही बिनबोभाट पार पडतो. फाइलींची नावे आणि आकार यांची नोंद ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असते व तो भाग खरा असतो, म्हणून यादी शाबूत दिसते; खऱ्या क्षमतेपलीकडे लिहिलेली माहिती मात्र नाहीशी होते किंवा आधीच्या माहितीवर लिहिली जाते. माझी पहिली दोन फर्मवेअर पहिल्या ८ जीबीत बसली होती, एवढेच त्यांच्या यशाचे कारण. फाइली ड्राइव्हवर उतरवताना एकही चूक दाखवली गेली नव्हती.

मी दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने ड्राइव्ह स्वतःच्या संगणकाला लावला, ५९ जीबीचा आकडा दाखवला आणि तुम्हीच चुकीचे फॉरमॅट केले असे सांगून मला परत पाठवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते हे मला ठाऊक होते, पण कच्च्या पावतीवर ना दुकानाचे नाव होते, ना जीएसटी क्रमांक, ना वस्तूचे वर्णन.

आता मी अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर ८ किंवा १६ जीबीचे साधे ड्राइव्ह घेतो. पासवर्डचे किंवा स्वतःचा प्रोग्राम उघडणारे घेत नाही, कारण असे ड्राइव्ह अनेक कॉपिअर ओळखत नाहीत. प्रत्येक ड्राइव्ह रिकामा असतानाच पूर्ण तपासतो. लिनक्स वापरणाऱ्यांना याच कामासाठी एफ३ हा प्रोग्राम उपलब्ध आहे. ड्राइव्हवर फर्मवेअर टाकल्यावर तो संगणकातून काढून पुन्हा लावतो आणि मगच मूळ फाइल व ड्राइव्हवरील फाइल यांचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलीतील माहितीवरून काढलेला तिचा ठसा, जुळवतो, कारण न काढता तपासल्यास संगणक स्वतःच्या मेमरीत राहिलेली चांगली प्रत दाखवण्याची शक्यता असते. एका ड्राइव्हवर एकाच मॉडेलचे फर्मवेअर ठेवतो आणि वर चिठ्ठी चिकटवतो.

ते पाचही ड्राइव्ह मी हातोडीने फोडले. एका सहकाऱ्याने घरगुती वापरासाठी एक मागितला होता, पण त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो त्यावर जाणार आहेत हे कळल्यावर मला तो देववला नाही.