दहा महिने, वीस हजार छर्रे : घरच्या सरावाचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून लेक घरीच दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. आमचं गाव पवनीजवळ. गोठ्यालगतची कुटाराची खोली रिकामी करून तिथं मांडणी केली. रोज साठ-सत्तर छर्रे, म्हणजे महिन्याला पाचशेचे चार डबे. साडेचार मिलिमीटरचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, त्यामुळं महिन्याला किलोभर शिसं नुसतं निशाण्यामागच्या पेटीत जाऊन बसतं. एवढा पैसा वाया जातो हे बघवत नव्हतं.

पेटी गावातल्या वेल्डरकडून जाड पत्र्याची करून घेतली आणि आत जुन्या गोधड्यांच्या चिंध्या ठासून भरल्या. आवाज कमी झाला, छर्रेही फुटत नाहीत, अख्खे निघतात. पण तिथंच ते पुन्हा वापरायचा मोह होतो. वरवर चांगले दिसणारे पन्नासएक छर्रे निवडून पुसले आणि रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवून मारून पाहिले. नवे छर्रे जवळजवळ एकाच भोकात जात होते, हे मात्र कागदभर पांगले. भिंगाखाली पाहिलं तर डोकं चपटलेलं, कडेला नळीच्या आट्यांच्या खुणा, मागचा घेर वाकडा. निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथं हे कसं चालावं? शिवाय चिंध्यांतली माती नळीत जाते ती वेगळीच. तेव्हापासून वापरलेला छर्रा पुन्हा नळीत घालत नाही.

काडतुसाच्या मोठ्या रायफलीची गोष्ट निराळी. बाहेरच्या देशांत काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साफ करून, साच्यात दाबून, तोंडाकडची लांबलेली मान कापून पुन्हा भरतात आणि किती वेळा भरली याची नोंद ठेवतात, कारण मान तडकते. आपल्याकडं शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो, तेव्हा हौसेनं त्याच्या नादी लागू नये. आमचा भंडारा जिल्हा पितळेचा म्हणून ओळखला जातो, त्यामुळं पुंगळ्या पुन्हा भरण्याबद्दल विचारणा मला बऱ्याचदा होते.

मग बचत कुठं झाली? निवड करण्यात. आधी मी रात्री बसून काट्यावर एकेक छर्रा तोलत होतो. दोन महिने तोलले, लेकीच्या गुणांत काहीच फरक नाही, बंद केलं. छर्ऱ्याच्या डोक्याचं माप मात्र महत्त्वाचं : ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर दोन्ही मारून पाहिले, तिच्या नळीला ४.४९ मानवलं. आता डबा उघडला की लेक घेर दबलेले छर्रे वेगळे काढते, ते नेम धरायच्या सुरुवातीच्या सरावाला. बाकीचे गुण मोजायच्या फेरीसाठी. कारखान्याच्या एकाच खेपेचे डबे एकत्र ठेवतो, हे सगळ्यात उपयोगी ठरलं.

पावसाळ्यात एका उघड्या डब्यातल्या छर्‍यांवर पांढरी भुकटी चढली. आता झाकण घट्ट आणि डबा कोरड्या कपाटात.

शिशाबद्दल कडकच आहे मी. सराव झाला की साबणानं हात धुणं, खोलीत खाणंपिणं नाही, केरसुणी नाही, ओल्या फडक्यानंच पुसणं. धाकट्याला तिथं पाय ठेवू देत नाही. वैनगंगेकाठचा एक जण जाळ्याच्या गोट्यांसाठी शिसं मागायला आला होता, चुलीवर वितळवतो म्हणाला. त्याला धुराचा धोका समजावून सांगितला आणि नाही दिलं. दहा किलो बंद डब्यात ठेवलंय, पुढच्या महिन्यात शिसं घेणाऱ्या भंगारवाल्याकडं जाईल.